रोप नंतर, आधी माती: हिंगोलीत घरच्या घरी सेंद्रिय बाग कशी सुरू करायची?

सोशल मीडियावर गच्चीवरच्या बागेचा एखादा व्हिडिओ दिसतो. टोमॅटोनं लगडलेली कुंडी, टोपलीभर भेंडी, हिरवीगार मेथी. मग आपल्यालाही वाटतं, करून बघू. नर्सरीतून चार रोपं येतात आणि शेतातून पोतंभर काळी माती येते. पावसाळ्यात त्या कुंड्यांमध्ये चिखल साचतो, मार्चमध्ये मातीला भेगा पडतात आणि मे उजाडेपर्यंत कुंड्या रिकाम्या होतात. "आपल्याला नाही जमत," असं म्हणून आपण विषय संपवतो.

यात चूक बहुतेक वेळा आपल्या हाताची नसते, कुंडीतल्या मातीची असते.

हिंगोली जिल्ह्यात ही माती आणि खत घरीच तयार करण्यासाठी लागणारं जवळपास सगळं साहित्य फुकट किंवा अगदी कमी पैशांत मिळतं. ते तयार करायची एक नावाजलेली पद्धतही पैनगंगेच्या पलीकडच्या पुसदमधूनच आली आहे. ती पद्धत घरच्या मापात कशी वापरायची आणि सुरुवात कधी करायची, हे समजून घेऊया.

शेतात सोनं असलेली काळी माती कुंडीत का चालत नाही?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. मराठवाड्याच्या इतर भागांसारखीच इथली जमीनही बेसाल्ट खडकापासून तयार झालेली, मुख्यतः काळी कसदार. सोयाबीन, कापूस, तूर, हळद ही पिकं याच मातीवर उभी आहेत.

या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळालं की ती फुगते आणि वाळली की आकसते. शेतात तिला खाली आणि बाजूला पसरायला जागा असते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमुळे तर जमिनीची आपोआप मशागत होते, असं शेतकरी सांगतात.

बारा इंची कुंडीत मात्र हाच गुण दोष ठरतो. ओली माती फुगली की तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात आणि मुळं गुदमरतात. वाळली की माती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. आपल्याला वाटतं पाणी दिलं, पण मुळांपर्यंत ते पोचलेलंच नसतं.

धरण-तलावातला गाळही असाच. शेतात टाकायला तो उत्तम, पण नुसता कुंडीत भरला तर विटेसारखा घट्ट होतो.

यावर उपाय एकच, मातीत सेंद्रिय पदार्थ वाढवणं. कुजलेलं खत चिकणमातीच्या बारीक कणांचे रवाळ गोळे बनवतं. त्या गोळ्यांमध्ये हवा खेळते आणि त्याच वेळी ओलही टिकते.

पुसदची पद्धत: 'नाडेप' म्हणजे काय?

हिंगोली आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या मधून पैनगंगा वाहते. नदीपलीकडच्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कंपोस्ट करण्याची एक पद्धत विकसित केली. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात आणि त्यांना लोक 'नाडेपकाका' म्हणून ओळखू लागले. आज देशभरातल्या कृषी खात्यांच्या पुस्तिकांमध्ये ही पद्धत सापडते.

कंपोस्टवरचं काम आपल्याकडे त्याआधीपासून सुरू होतं. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली 'इंदूर पद्धत' जगभर गेली. त्यावरचं १९३१ मध्ये आलेलं इंग्रजी पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं होतं.

नाडेपचं वेगळेपण शेणाच्या हिशोबात आहे. शेणखत करायचं म्हटलं की भरपूर शेण लागतं, असा आपला समज असतो. नाडेप पद्धतीत शेण जवळपास विरजणासारखं वापरतात. एका टाक्यासाठीचं साधारण प्रमाण असं असतं:

- टाकं: आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंती विटांच्या आणि हवा खेळावी म्हणून त्यात ठरावीक अंतरावर भोकं
- काडीकचरा, पालापाचोळा: १,४०० ते १,५०० किलो
- शेण: ९० ते १०० किलो
- चाळलेली कोरडी माती: सुमारे १,७५० किलो
- पाणी: १,५०० ते २,००० लिटर
- कालावधी: साधारण ९० ते १२० दिवस

यातून सुमारे तीन टन खत मिळतं. म्हणजे १५ किलो काडीकचऱ्याला फक्त १ किलो शेण आणि साधारण १७ किलो माती. निम्म्याहून जास्त वजन मातीचं असल्यानं जे तयार होतं, ते मुरलेल्या मातीसारखं असतं. घरच्या बागेला नेमकं तेच लागतं.

घरासाठी हेच माप किती?

दहा फुटी टाकं बांधायला अंगण सगळ्यांकडे नसतं. पण २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम भंगारवाल्याकडे मिळतो. नाडेप टाक्याचं आतलं माप सुमारे ५,१०० लिटर भरतं, म्हणजे हा ड्रम साधारण त्याच्या पंचविसाव्या भागाएवढा. त्यानुसार हिशोब असा:

- काडीकचरा: ६० किलोपर्यंत
- शेण: ४ किलो
- कोरडी, चाळलेली माती: ७० किलो
- पाणी: ६० ते ८० लिटर

सगळा काडीकचरा एका दमात ड्रममध्ये बसत नाही, कारण वाळलेलं भुसकट हलकं आणि फुगीर असतं. आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत असं नाही, पण १५ : १ : १७ हे प्रमाण सांभाळा.

ड्रम कसा भरायचा?

१. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं, हे विचारा. कीटकनाशक किंवा रसायनाचा असेल तर घेऊ नका.

२. चारही बाजूंनी साधारण सहा-सहा इंचांवर अर्ध्या इंचाची भोकं पाडा. तळालाही आठ-दहा भोकं हवीत. ड्रम विटांवर ठेवा आणि शक्यतो सावलीत ठेवा.

३. आत शेणपाणी शिंपडून घ्या. मग थर लावायला सुरुवात करा. एका थरात सात-आठ किलो काडीकचरा, त्यावर अर्धा किलो शेण ८ ते १० लिटर पाण्यात कालवून, आणि वरून आठ-नऊ किलो माती. असे साधारण आठ थर होतात. प्रत्येक थर काठीनं किंवा पायानं दाबा.

४. पऱ्हाटी आणि तुराट्यांचे बोटभर तुकडे करा. अख्ख्या काड्या सहा महिन्यांतही कुजत नाहीत.

५. सगळ्यात वर माती आणि शेणाचा जाडसर लेप द्या. त्यामुळे ओल टिकते आणि माश्या बसत नाहीत.

६. १५ ते २० दिवसांत आतला माल खचतो. तेव्हा लेप फोडून उरलेले थर भरा आणि पुन्हा लिंपून घ्या.

७. लेपाला भेगा पडल्या की शेणपाणी शिंपडा. आतली ओल तपासायची सोपी खूण म्हणजे मूठभर माल घेऊन दाबणं. बोटांच्या फटीत पाणी दिसावं, पण धार लागू नये.

मोठ्या टाक्यात आतली उष्णता टिकते, ड्रममध्ये तेवढी टिकत नाही. त्यामुळे ड्रमला १५ दिवस ते महिनाभर जास्त लागू शकतो, हे गृहीत धरा.

हिंगोलीत कचरा कुठून आणायचा?

मळणीनंतर सोयाबीनचं भुसकट शिल्लक राहतं. जानेवारी-फेब्रुवारीत तुराट्या आणि पऱ्हाटी निघते. ऊस असलेल्या भागात पाचट असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणीच्या वेळी वाळलेला हळदीचा पाला मिळतो आणि त्याच सुमारास कडुलिंबाची पानगळही सुरू होते. यातलं बरंचसं बांधावर पेटवून दिलं जातं. त्या धुरात आपल्या कुंडीची माती जळत असते.

दोन गोष्टी मात्र ड्रममध्ये टाकू नका. एक, कंदकुज किंवा करपा पडलेल्या हळदीचा पाला. घरच्या लहान ड्रममध्ये रोगाचे जंतू मरतीलच अशी उष्णता तयार होत नाही. दोन, नुकतंच तणनाशक मारलेल्या शेतातला काडीकचरा. गव्हात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी सारखी तणनाशकं वापरली जातात. त्यांचा अंश काडात राहिला तर तुमच्या टोमॅटो-चवळीला फटका बसू शकतो. शेतमालकाला फक्त एवढंच विचारा, "काय फवारलं होतं आणि कधी?"

सुरुवात कधी करायची?

बरेच जण पहिला पाऊस पडला की माती शोधायला निघतात. तोवर उशीर झालेला असतो.

हिशोब उलटा मांडा. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. तेव्हा कुंड्या भरायच्या असतील तर ११० दिवस मागे या, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आसपास ड्रम भरायला हवा. लहान ड्रमला लागणारा जास्तीचा वेळ धरला, तर जानेवारी अधिक चांगला. काळी मातीही या दिवसांत कोरडी असते, ढेकळं फोडून चाळता येते. पावसाळ्यात ती चाळणीतून निघतच नाही.

म्हणून दिवाळीनंतर ते होळीपर्यंत माती तयार करायला घ्यायची आणि मृगाला बाग लावायची, एवढं वेळापत्रक लक्षात ठेवा.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं काय?

नाडेपचा ड्रम एकदाच भरून लिंपायचा असतो. रोजच्या भाजीच्या देठांसाठी आणि सालींसाठी वेगळी सोय करा. तळाला भोकं असलेली दोन मोठी मडकी किंवा बादल्या पुरतात. एक वाटी ओला कचरा टाकला की त्यावर दोन ते तीन वाट्या वाळलेला पाला किंवा भुसकट टाका. पहिली बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. दुसरी भरेपर्यंत पहिली मुरत येते.

काही बिघडलं तर खुणा सोप्या आहेत:

- वास येतोय: ओलं जास्त झालं. सुका पाला घाला आणि वरखाली करा.
- काहीच होत नाही, मुंग्या झाल्या: फार कोरडं झालं. पाणी शिंपडा.
- जाड, करड्या अळ्या दिसल्या: घाबरू नका, त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या अळ्या असतात. रोपाला त्यांचा त्रास नाही. सुका पाला वाढवा.

मांस, मासे, तेलकट उरलंसुरलं आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा यात टाकू नका.

खत तयार झालं, हे कसं ओळखायचं?

रंग गडद तपकिरी, हाताला गार, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. मूळ पाला ओळखू येता कामा नये.

त्यानंतर एक चाचणी नक्की करा. एका वाटीत तुमचं खत-माती आणि दुसऱ्या वाटीत साधी माती घेऊन दोन्हींत दहा-दहा मुगाचे दाणे पेरा. आठवडाभरात दोन्हीकडे सारखेच उगवले तर खत तयार आहे. खतातले कमी उगवले तर ते अजून मुरू द्या. कोवळी पानं पिळवटल्यासारखी, वाकडी निघाली तर तणनाशकाचा अंश असण्याची शक्यता आहे. ते खत भाजीला वापरू नका.

अर्धकच्चं खत घालण्याची घाई महागात पडते. कुजण्याची क्रिया कुंडीत सुरू राहते, त्यासाठी जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं.

कुंडी कशी भरायची?

ड्रममधून शंभर-सव्वाशे किलो खत-माती निघते. ती चाळा. जाड राहिलेलं पुढच्या ड्रमच्या तळाला घाला. मग हे मिश्रण करा:

- दोन भाग ड्रममधली खत-माती
- एक भाग वाळलेलं, बारीक केलेलं भुसकट किंवा हळदीचा पाला
- अर्धा भाग बारीक मुरूम

मुरूम पाण्याचा निचरा करतो. चिकणमातीत थोडीशी बारीक वाळू मिसळून मात्र उपयोग होत नाही, उलट ती आणखी घट्ट बसते. मिश्रण दर हंगामात खचतं, तेव्हा वरून नव्या खताचा थर द्या.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार करा. २० लिटरची भरलेली, ओली पिशवी २० किलोहून जड होऊ शकते. जड कुंड्या भिंतीच्या कडेला, तुळईच्या रेषेत ठेवा. पत्र्याच्या छतावर ठेवू नका. शंका असेल तर बांधकाम कळणाऱ्या माणसाला आधी दाखवा.

वजन कमी ठेवायचं असेल तर मातीचा वापर नाममात्र असलेली एक पद्धतही महाराष्ट्रात रुजली आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांच्या विचारातून पुढे 'अमृत माती' आली. शेण, गोमूत्र आणि गुळाच्या आंबवलेल्या पाण्यात सुका पाला भिजवून थर लावायचे, महिनाभर कुजवायचं आणि मग त्यावरच वेगवेगळं बियाणं उगवून, कापून त्यातच मिसळायचं. यात माती विरजणापुरतीच लागते, पण चार-साडेचार महिने द्यावे लागतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग याच विचारधारेतली. तिथे स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचंच खत होत असे.

पहिल्या वर्षी काय लावायचं?

जून-जुलै: भेंडी, गवार, चवळी, मिरची, वांगी. जाळी किंवा दोरी असेल तर दोडका आणि कारलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो. नवशिक्यांसाठी हा हंगाम सगळ्यात सोपा. मेथी महिनाभरात ताटात येते.

फेब्रुवारी-मार्च: तांदुळजा, राजगिरा, काकडी. पण सावलीची सोय असेल तरच.

आणि एका पिशवीत हळद लावाच. 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मे अखेर ते जूनमध्ये एक-दोन कोंब असलेला कंद दोन इंच खोल लावा. आठ-नऊ महिन्यांनी पिशवी उलटी करायची. घरचीच हळद आणि पुढच्या ड्रमसाठी पाला, दोन्ही मिळतं.

पाच-सहा कुंड्यांनीच सुरुवात करा. घरची सगळी भाजी यातून निघणार नाही. पण कोथिंबीर, मिरची, पालेभाजी तोडून थेट फोडणीत टाकता येते आणि तिच्यावर काय फवारलं, हे तुम्हाला माहीत असतं.

खत आणि कीड

कंपोस्टमध्ये नत्राचं प्रमाण साधारण अर्धा ते दीड टक्का असतं. रासायनिक खतासारखा चार दिवसांत फरक दिसत नाही. म्हणून दर महिन्याला कुंडीमागे दोन मुठी खत द्या.

सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेलं जीवामृत घरच्या मापात करता येतं: १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा आणि आठवडाभरात संपवा. ते मातीतच ओता. कच्ची खायच्या पालेभाजीवर शिंपडू नका, कारण ताज्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

मावा, पांढरी माशी आली तर निंबोळी अर्क. निंबोळ्या जून-जुलैत पडतात, त्या धुऊन सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

मे महिना काढायचा कसा?

हिंगोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाण्याची ओढाताण होते. बरीचशी बाग इथेच सोडून दिली जाते. यासाठी चार गोष्टी:

- कुंडीत दोन इंच पाल्याचं आच्छादन. कुंडीतलं पाणी सगळ्यात आधी उघड्या पृष्ठभागावरून उडतं.
- ५० टक्के सावलीची हिरवी जाळी.
- मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं लहान मडकं. त्यात पाणी भरून झाकण ठेवा, ओल झिरपत राहते.
- डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. साबणाचं मात्र नको.

बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर दिसू लागतो. तो खरवडून काढा आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवा, म्हणजे क्षार धुऊन जातात. अगदीच पाणी नसेल तर मेमध्ये कुंड्या रिकाम्या राहू द्या, फक्त मातीवर पाला ठेवा. रोप गेलं तरी चालेल, माती टिकली पाहिजे.

मदत कुठे मिळेल?

कळमनुरी तालुक्यात तोंडापूर इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही फार दूर नाही. तिथे तयार होणारं 'बायोमिक्स' हे जैविक मिश्रण हळद उत्पादकांच्या परिचयाचं आहे. माती परीक्षण किंवा गांडूळ कल्चरबद्दल अशा ठिकाणी विचारणा करता येते.

तोवर पहिलं काम बिनखर्चाचं आहे. या हंगामात ओळखीच्या कुणाच्या शेतात भुसकट पेटवायची तयारी सुरू असेल, तर काडी लावण्याआधी दोन पोती मागून घ्या. पुढच्या जूनमधली बाग त्या दोन पोत्यांत आहे.